चिंधीच्या कानात सांगितलेली लढाई

आजोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण घरात त्यांचा विषय निघाला की चिंधीचा निघतोच. एकाला आठवायचं आणि दुसरीला वगळायचं, हे कुणाला जमलेलं नाही. ही हकिगत सांगायचा मान घरातल्यांनी न भांडता सूनबाईला दिलाय, कारण जे काही झालं ते तिच्या डोळ्यांदेखत झालं. खरं म्हणजे तिच्या कानांदेखत.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा आजोबा अजून आजोबा झाले नव्हते. ती त्यांना मामंजी म्हणायची. म्हणजे तोंडाने म्हणायची, पण ते त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही. लढाईत मामंजींचे कान गेले होते. डावा पार गेलेला, उजव्यात जराशी धुगधुगी. आणि तिचा आवाज मुळातच बारीक. माहेरी तिला सगळे 'कुजबुज' म्हणून चिडवायचे. त्यामुळे सुरुवातीला सासरा-सुनेचं बोलणं म्हणजे तिने चहाचा कप पुढे करायचा आणि त्यांनी मान डोलवायची, एवढंच. तिला वाटायचं, आपण त्यांना आवडलो नाही. नवरा समजूत घालायचा, "अगं, ते माझ्याशीही असेच. मी तर त्यांचा मुलगा आहे."

घर दुमजली. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मधे करकरणारा लाकडी जिना. दुकानात सगळं जाड कापडाचं काम चालायचं. ट्रकवरच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची कापडी छपरं, होड्यांची झाकणं, तंबू. मधोमध कापड बेतायचं लांबरुंद मेज, खिडकीशी पायाने चालवायचं दणकट शिवणयंत्र, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या कात्र्या आणि दाभणं. दोऱ्याला लावायच्या मेणाचा आणि यंत्राच्या तेलाचा मिळून एक वास रस्त्यावरूनच नाकात शिरायचा. दाभण रेटायला मामंजी उजव्या तळहाताला चामड्याचा पट्टा बांधायचे आणि जेवायला बसताना तो काढायचं हमखास विसरायचे. सासूबाई त्यांच्यासमोर जाऊन, तोंड मोठं उघडून विचारायच्या, "अहो, ताटाला टाके घालायचेत का?"

फौजेतही ते याच कामावर होते. एका फिरत्या इस्पितळाचे तंबू शिवायचे, फाटले की सांधायचे. घराला ठाऊक होतं ते एवढंच. कुणी जास्त विचारलं तर, "होती लढाई. संपली," असं म्हणून ते यंत्राच्या पायडलवर पाय ठेवायचे. एकदा ते धाडधाड सुरू झालं की पुढचा प्रश्न विचारणाऱ्याच्याच घशात राहायचा.

चिंधी आली ती एका ताडपत्रीतून. एक दाढीवाला ट्रकवाला नेहमी दुरुस्तीचं काम आणायचा. मोठा बोलघेवडा माणूस. गावोगाव फिरायचा आणि प्रत्येक गावच्या बातम्या दुसऱ्या गावात नेऊन सोडायचा. एक दिवस त्याने गुंडाळलेली ताडपत्री खांद्यावरून मेजावर टाकली. मामंजींनी ती उलगडायला घेतली तर आतल्या घडीतून एक पिल्लू बाहेर आलं. करडा, तपकिरी, पांढरा, मधेच काळा, असा कुठलाच रंग धड नसलेलं, जसं काही चार जुन्या कापडांचे तुकडे जोडून शिवलंय. ते मेजावर उभं राहिलं, सगळ्यांकडे बघितलं आणि शिंकलं.

"हे माझं नाही," ट्रकवाला ओरडला.

"काय?"

"माझं नाही म्हणतो!"

"ताडपत्री तुझी, तर आतलं कुणाचं?" मामंजी म्हणाले. "मी कापड दुरुस्तीला घेतो. कुत्री नाही घेत."

सासूबाई जिन्यावरूनच म्हणाल्या, "दुकानात कुत्रं नको. कापडावर केस बसतील." ट्रकवाल्याने परत येताना पिल्लू घेऊन जायचं कबूल केलं. तो परत आला, ताडपत्री घेऊन गेला आणि पिल्लू राहिलं. तो विसरला, की मामंजींनीच ते चिंध्यांच्या ढिगामागे सरकवून ठेवलं होतं, यावर घरात आजही दोन पक्ष आहेत. सूनबाई दुसऱ्या पक्षात आहे. तिने त्या दिवशी मामंजींना ढिगासमोर उगीचच उभं राहिलेलं पाहिलं होतं. त्यांना तसं बिनकामाचं उभं राहिलेलं ती पहिल्यांदाच बघत होती.

नाव ठेवायला कुणी बसलं नाही. चिंध्यांच्या ढिगात झोपायची म्हणून चिंधी.

मामंजींची एक मोठी अडचण होती. गिऱ्हाईक दारात येऊन हाका मारायचं आणि यांचं लक्षच नसायचं. मग कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवायचं. तसं झालं की ते असे दचकायचे की हातातलं दाभण कुठे जाईल याचा नेम नसायचा. दचकल्यानंतर बराच वेळ त्यांचा हात थरथरायचा आणि टाका वाकडा पडायचा. चिंधीने हे बघून ठेवलं असावं. जरा मोठी झाल्यावर तिने आपणहूनच एक काम अंगावर घेतलं. दारात ओळखीचं कुणी आलं की ती जायची आणि त्यांच्या पावलावर हनुवटी टेकवायची. अनोळखी असेल तर विजारीचा काठ दातात धरून ओढायची. यंत्र थांबायचं, मामंजी शांतपणे वळायचे. हात थरथरायचा नाही. कुणी शिकवलं नव्हतं तिला. सासूबाई मात्र सगळ्या आळीला सांगायच्या की मीच शिकवलं, आणि केसांची तक्रार त्यांनी त्यानंतर कधी केली नाही.

त्याच वर्षी गावाबाहेर नवा रस्ता करायला टेकडी फोडायचं काम निघालं. दुपारी सुरुंग उडवायचे. सूनबाईला दिवस गेले होते, जेवणं आटोपली की ती वर आडवी व्हायची. पहिला सुरुंग उडाला, खिडकीची तावदानं थरारली आणि खालून चिंधीचं कळवळून ओरडणं आलं. ती धडपडत उठली आणि अर्ध्या जिन्यावर येऊन थांबली.

कापड बेतायच्या मेजाखालून मामंजींचे दोन पाय बाहेर आले होते. सुरुंग त्यांना ऐकू आला नसणार, पण जमिनीतून कळला असणार. मेजाखाली ते चिंधीला पोटाशी धरून बसले होते आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होते.

"घाबरू नकोस गं. हा लांबचा आहे. लांबच्याचाच आवाज येतो. जवळचा पडतो तेव्हा काही ऐकूच येत नाही. मला विचार."

बहिऱ्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही. मामंजींना वाटत होतं की आपण कुजबुजतोय. प्रत्यक्षात ते रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या दुकानातही लख्ख ऐकू जात होतं.

टेकडी फुटायला बरेच दिवस लागले. रोज जेवणानंतर मामंजी मेजाखाली शिरायचे आणि चिंधीची भीती घालवायला तिला काहीतरी सांगायचे. पुढे टेकडी संपली, सुरुंग थांबले, चिंधीही पार निवांत झाली, पण दुपारचं सांगणं काही थांबलं नाही. आता ते मेजाखाली शिरायचे नाहीत. खिडकीशी स्टुलावर बसायचे, ती पायाशी, आणि तिच्या कानापाशी वाकून ती 'कुजबुज' चालायची.

आणि जिन्यावर सभा भरायची. वरच्या पायरीवर सूनबाई, तिच्याखाली भाजी चिरायला घेतलेल्या सासूबाई, सुट्टीच्या दिवशी नवराही. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा तसाच धरून थांबायचा.

"अख्खा संसार केला यांच्याबरोबर," पहिल्या दिवशी सासूबाई धुसफुसल्या, "मला चकार शब्द सांगितला नाही. आणि ह्या शेपटीवालीला सगळं!"

"आई, हळू," नवरा म्हणाला.

"हळू कशाला? त्यांना ऐकू येतंय का?"

त्यांना नव्हतं येत, पण चिंधीला येत होतं. ती जिन्याकडे बघून शेपटी हलवायची. मामंजींना वाटायचं, गोष्ट आवडली.

गोष्टी बऱ्याचशा मजेच्या असत. एकदा तपासणीच्या दिवशी मोठ्या साहेबांची विजार मागून फाटली. बदलायला वेळ नव्हता. मामंजींनी त्यांना तंबूच्या पडद्याला पाठ लावून उभं केलं आणि उभ्या उभ्या टाके घातले. घाईत पडदाही विजारीबरोबर शिवला गेला. साहेब सलामी घ्यायला तरातरा निघाले आणि मागून तंबू निघाला. हे सांगताना मामंजी स्वतःच एवढे हसले की चिंधी घाबरून भुंकायला लागली. जिन्यावर सासूबाईंनी तोंडात फडका कोंबला होता.

जवळजवळ प्रत्येक गोष्टीत एक लांब्या असायचा. लढाईआधी तो बसवर कंडक्टर होता आणि इस्पितळात आजाऱ्यांना उचलून न्यायचं काम करायचा. इतका उंच की तंबूत झोपला तर पाय बाहेर राहायचे. मामंजींनी त्याच्या पायांसाठी तंबूला वेगळी पडवी शिवून दिली होती. तो झोपेतसुद्धा, "पुढे सरका, पुढे सरका," म्हणायचा आणि शेजारचे खरंच सरकायचे.

"तो जवळचा पडला ना, त्या दिवशी लांब्याच होता बरोबर," एका दुपारी ते चिंधीला म्हणाले. "जमीन उठली आणि बसली. डोळे उघडले तर हा माझ्यासमोर नुसतं तोंड उघडतोय, मिटतोय. मला वाटलं, थट्टा करतोय. मी त्याला सणसणीत शिवी हासडली. माझी शिवी मलाच ऐकू आली नाही, तेव्हा कळलं काय झालंय ते."

मुलगी झाली. मामंजींचे आजोबा झाले आणि हळूहळू सगळं घर, सगळी आळीच त्यांना आजोबा म्हणायला लागली. बाळाला मांडीवर घेऊन सूनबाई आपल्या पायरीवर बसायची. अशाच एका दुपारी आजोबांनी वेगळीच गोष्ट काढली. आवाजही वेगळा होता, सपाट.

"इस्पितळात कुणी गेलं की मला बोलावणं यायचं, चिंधे. पेट्या नव्हत्या. कापड होतं. मी शिवायचो त्यांना. वरचे म्हणायचे, आटप, आटप. मी नाही आटपलं. इतर कामात घाई केली, पण तिथे नाही. पायांकडून सुरुवात करायचो. तोंड सगळ्यात शेवटी झाकायचं. असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, तेवढा वेळ उजेड तरी मिळेल." मग म्हणाले, "परत आलो तर दुकानात तेच कापड, तेच दाभण. काय सांगायचं घरात?"

सासूबाईंच्या हातातली सुरी थांबली होती. त्या उठून वर गेल्या आणि दार लावून घेतलं. सूनबाई तिथेच बसली. आजवर चोरून ऐकताना तिला कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं. विजारीची गोष्ट चोरून ऐकणं वेगळं. हे असं लपून ऐकायचं नसतं, एवढं तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती खाली गेली, आजोबांच्या समोर स्टूल ओढून बसली, श्वास भरून घेतला आणि जन्मात पहिल्यांदा ओरडली.

"मामंजी, आम्हाला सगळं ऐकू येतं!"

समोरचा न्हावी टॉवेल घेऊन रस्त्यावर आला. आजोबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय सगळं?"

"तुम्ही चिंधीला सांगता ते! आम्ही जिन्यावर बसतो!"

त्यांनी जिन्याकडे बघितलं, मग चिंधीकडे. जशी काही फितुरी तिनेच केली होती. मग ते यंत्राकडे वळले.

त्यानंतर दुपारचं सांगणं बंद झालं. चिंधी नेहमीच्या वेळेला स्टुलाशी जाऊन बसायची, वाट बघायची, एकदा उसासा टाकायची आणि दाराबाहेर जाऊन पडायची. घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली. "कशाला सांगायला गेलीस?" नवरा म्हणाला. "बरं चाललं होतं." सूनबाईला स्वतःलाही तेच वाटत होतं, पण ती म्हणाली, "त्यांचं होतं ते. आपण उचलत होतो."

बरेच दिवस असे गेले. मग एका दुपारी ती चहा घेऊन खाली गेली तेव्हा आजोबांनी कप घेतला आणि स्टुलाकडे बोट केलं. ती बसली.

"ते... कापडात शिवायचं. तेही ऐकलंस?"

तिने मान डोलवली.

"आणि हिने?" त्यांनी वर छताकडे बोट दाखवलं.

"हो. रडल्या त्या."

एवढं बारीक बोलणं त्यांना ऐकू आलं नसणार, पण तिच्या ओठांवरून कळलं. त्यांनी चहा संपेपर्यंत वेळ घेतला.

"बोलाव सगळ्यांना," ते म्हणाले. "जिन्यावर बसून पाठ धरेल तिची. पण एक सांगून ठेवतो. मी चिंधीकडे बघूनच सांगणार. माणसांच्या तोंडाकडे बघून मला नाही जमत."

तेव्हापासून सभा जिन्यावरून खाली आली. सासूबाईंना खुर्ची मिळाली. न्हाव्यालाही काम नसेल तर यायची मुभा होती. आजोबा चिंधीचे कान कुरवाळत तिच्याकडे बघून सांगायचे आणि मधेच कुणी हसलं तर त्यांना चिंधीच्या शेपटीवरून कळायचं. सूनबाईच्या लक्षात आलं की ओरडायची गरजच नव्हती. समोर बसून सावकाश बोललं की ते ओठ वाचतात. इतके दिवस ती चहा ठेवून मान खाली घालून निघून जायची, म्हणून तिचं बोलणं पोचत नव्हतं. त्यात आवडण्या-नावडण्याचा काही संबंधच नव्हता.

नात बोलायला लागली तशी तीही सभेत आली आणि इतक्या वर्षांत कुणाला न सुचलेला प्रश्न तिने विचारला. आजोबांची हनुवटी धरून, त्यांचं तोंड आपल्याकडे वळवून म्हणाली, "मग लांब्या कुठे गेला?"

आजोबा चिंधीकडे बघायचं विसरले.

"त्याला ताप भरला. इस्पितळ पुढे जाणार होतं, त्याला आजाऱ्यांच्या आगगाडीत घातलं. खिडकीतून हात केला त्याने. लढाई संपली की दुकानावर येतो म्हणाला."

"आला?"

"नाही आला."

"तुम्ही शोधलं नाहीत?" सूनबाईने विचारलं.

"नाही." मग चिंधीचा कान कुरवाळत, "शोधलं नाही तोवर तो आहेच की, पोरी. कुठेतरी पुढे सरका, पुढे सरका करतोय. शोधायला गेलो आणि भलतंच कळलं तर?"

ते वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं. दाढीवाला ट्रकवाला पुढच्या खेपेला आला तेव्हा तिने त्याला बाजूला घेतलं. बसच्या आगारांतून चौकशी करायची, म्हणाली. खूप उंच, म्हातारा कंडक्टर, लढाईत इस्पितळात होता, झोपेत बडबडतो. "आणि भलतंच कळलं तर मला एकटीला सांगायचं. मामंजींना नाही."

"झोपेत काय बोलतो ते मी कुणाला विचारू, वहिनी?" ट्रकवाला म्हणाला. पण बातम्या गोळा करणं हा त्याचा आवडता धंदा, त्याने काम मनावर घेतलं. त्यानंतर तो आला की ती दारातूनच त्याच्याकडे बघायची आणि तो नकारार्थी मान हलवायचा. असं बऱ्याच वेळा झालं. मग एकदा तो ट्रकमधून उडी मारतानाच हसत होता.

"सापडला! एका आगारात त्याला दिव्याचा खांब म्हणायचे. आता घरी असतो, लेकीकडे. तुमच्या आजोबांचं नाव घेतलं तर मला म्हणतो, थट्टा करू नका. ते इस्पितळ पुढे गेलं आणि त्यावर बाँब पडला, सगळे गेले असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून तो कधी आलाच नाही. मी म्हटलं, बाबा रे, परवाच माझी ताडपत्री शिवली त्यांनी, आणि छिद्र राहिलं म्हणून भांडलोय मी."

लांब्याने येतो म्हणून निरोप धाडला. तो येणार हे आजोबांना सांगायचं की नाही यावर घरात खल झाला. सासूबाई म्हणाल्या, "सांगू नका. नाही आला तर?" म्हणून कुणी सांगितलं नाही.

तो सकाळी आला. लेकीच्या हाताला धरून, काठी टेकत. वयाने वाकला होता, दाराच्या चौकटीतून डोकं न लववता आत आला. सूनबाईच्या मनातला लांब्या इतका मोठा होता की तिला क्षणभर वाटलं, माणूस चुकला. आजोबा यंत्रावर होते, पाठमोरे. लांब्याने हाक मारली नाही. चिंधी उठली, त्याला हुंगलं, अनोळखी म्हणून नोंद केली आणि जाऊन विजारीचा काठ ओढला.

यंत्र थांबलं. आजोबा वळले.

लांब्याने काठी लेकीच्या हातात दिली आणि दोन्ही हात वर केले. एक हात छातीशी नेला, बोटं उलगडली, मग दोन बोटं तळहातावर चालवली. आजोबांचा चामड्याचा पट्टा बांधलेला हात वर आला. हवेत थबकला. मग त्यानेही काहीतरी केलं. मग दुसरा हात. आणि मग ते चार हात असे चालायला लागले की बघणाऱ्याची नजर ठरेना. आजोबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, खांदे गदागदा हलत होते. लांब्याने हवेत एक भलंमोठं पोट काढलं, त्याच्या मागे काहीतरी ओढत नेलं, आणि आजोबांनी मेजावर थाप मारली.

"ते साहेबांच्या विजारीचं असणार," नवरा हळूच म्हणाला.

त्यापलीकडे कुणाला काही कळेना. इतकी वर्षं या घराने आजोबांचा शब्दन् शब्द कान देऊन ऐकला होता, आणि आज ते पोटभर बोलत होते तर दुकानात चिडीचूप. चिंधी एकदा याच्या हातांकडे, एकदा त्याच्या हातांकडे मान वळवून बघत होती. बऱ्याच वेळाने न्हावी डोकावला. "आज आवाज नाही म्हणून आलो. सगळं ठीक ना?"

चहाच्या वेळी लांब्याने तोंडाने सांगितलं, "याचे कान गेले तेव्हा हा माणूस वेड्यासारखा झाला होता, कुणाचंच काही कळेना. मग मी बसमधली युक्ती काढली. खांद्यावर दोनदा टिचकी म्हणजे चला, एकदा म्हणजे थांबा. असा धरून फिरवला त्याला. मग एकेक खूण वाढत गेली. दाभण, तंबू, चहा, साहेब, ताप, घर. शेवटी शेवटी तर आम्ही साहेबांसमोर त्यांचीच थट्टा करायचो आणि त्यांना पत्ता नसायचा."

"पण इतकं बोलतात ते?" सासूबाईंनी विचारलं. "घरात तर तोंडातून शब्द निघत नाही. स्वभावच मितभाषी."

लांब्या कप खाली ठेवून त्यांच्याकडे बघतच राहिला. "हा? मितभाषी? वहिनी, अख्ख्या इस्पितळात याच्याइतका वटवट्या कुणी नव्हता. मला झोपू द्यायचा नाही. मी डोळे मिटले की हा माझे डोळे उघडायचा, हात बघ म्हणून."

सासूबाई उठल्या. कुणाला वाटलं, रागावल्या. पण त्या फराळाची बशी घेऊन आल्या, लांब्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "मला शिकवा."

लांब्या तेव्हा आठवडाभर राहिला आणि पुढे वर्षातून एक-दोनदा येत राहिला. प्रत्येक खेपेला सासूबाईंची शिकवणी चालायची. पहिल्यांदा त्यांची बोटं वळायची नाहीत. 'जेवायला या' म्हणायला गेल्या आणि आजोबा तंबू गुंडाळायला उठले, असंही झालं. पण बाई जिद्दीची. आपणहून नव्या खुणाही काढायला लागल्या. सुनेसाठी, नातीसाठी, न्हाव्यासाठी, आणि आजोबा पट्टा काढायला विसरतात त्यासाठी एक वेगळीच, जरा रागाची.

चिंधी भरपूर जगली. शेवटचे दोन हिवाळे ती बहुतेक वेळ यंत्राजवळच्या उन्हात पडून असायची, आणि दारात कुणी आलं तर उठायच्या ऐवजी शेपटीनेच आजोबांच्या घोट्यावर थापटायची. गेली ती तशीच, उन्हात, झोपेत. आजोबांनी तिला मागच्या मोकळ्या जागेत पुरलं आणि दोन दिवस दुकान बंद ठेवलं. नातीने विचारलं, दुसरं पिल्लू आणायचं का. ते म्हणाले, "ती काही कापड नव्हती, फाटलं की नवं आणायला." नात रडली तेव्हा तिच्याबरोबर रडलेही.

चिंधीनंतर दारातल्या गिऱ्हाइकाची वर्दी द्यायला सासूबाई दुकानात बसू लागल्या. त्यांचा मुक्काम पार संध्याकाळपर्यंत असायचा. दुपारी सूनबाई चहा घेऊन करकरणाऱ्या जिन्याने उतरायची तेव्हा खाली यंत्र बंद असायचं, आणि खिडकीशी समोरासमोर बसून दोघं म्हातारी बोलत असायची. सासूबाईंचे हात भराभर चालायचे, आजोबांचे त्याहून भराभर, आणि दोघंही एकमेकांना थांबवून आपलंच पुढे रेटत असायची. कधी भांडण असायचं, कधी हसणं. कधीकधी सूनबाई आत आली की चारही हात एकदम थांबायचे आणि दोघं अगदी साळसूद चेहऱ्याने तिच्याकडे बघायची. तिला कळायचं की विषय आपलाच होता. ती कप ठेवायची, "चालू द्या," म्हणायची आणि वर जायची.